बोलेक्स, के-३ की ॲरिफ्लेक्स: सर्व प्रकारच्या चित्रणासाठी जुना १६ मिमी कॅमेरा कोणता घ्यावा?

तुम्ही प्रश्नात लिहिले आहे की ‘चावीचा (म्हणजे चावी देऊन स्प्रिंगवर चालणारा) कॅमेरा शिकण्यापुरता ठीक, खऱ्या कामाला मोटरचाच लागतो’ असे जाणकार सांगतात. त्या एका वाक्यासाठीच मी हे उत्तर लिहीत आहे, कारण नेमके हेच वाक्य १९८७ साली आमच्या गटातील एका ज्येष्ठ छायाचित्रकाराने मला ऐकवले होते आणि ते मला तेव्हाही पटले नव्हते, आजही पटत नाही. डोंगर, घर, रस्ता आणि ॲनिमेशन हे सारे एकाच कॅमेऱ्यावर करायचे असेल, तर चावीचाच बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स घ्या.

आम्ही पाच जण माउलींच्या पालखीबरोबर चालत वारीवर एक लघुपट करीत होतो. ज्येष्ठांकडे भाड्याने आणलेला, बॅटरी-मोटरवर चालणारा ॲरिफ्लेक्स १६ एस होता आणि माझ्याकडे मामांचा बोलेक्स होता, जो ज्येष्ठांच्या मते ‘जोडचित्रणापुरता’ सोबत घेतलेला होता. लोणंदच्या मुक्कामी रात्रभर पाऊस पडला आणि दुसऱ्या दिवशी चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. त्या रात्री मी तंबूत बसून, वाया गेलेल्या फिल्मचे रीळ घालून कॅमेऱ्याला चावी देत होतो आणि पुन्हा पुन्हा चालवून पाहत होतो. (बोलेक्स वरच्या वेगावर रिकामा चालवू नये.) सेकंदाला चोवीस फ्रेम या नेहमीच्या वेगावर पूर्ण चावी साधारण २८ सेकंद पुरते, म्हणजे हालचाल पडद्यावर संथ दिसावी म्हणून लावायच्या अठ्ठेचाळीस फ्रेमवर जेमतेम १४. शेजारच्या राहुटीत ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ चालू होते आणि त्या लयीत १४ सेकंदांत सात आवर्तने बसतात, हे मी तेव्हा मोजून ठेवले.

सकाळी ॲरिफ्लेक्सच्या केबलच्या टोकात ओल शिरलेली होती. वेग दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा चोवीसवर टिकत नव्हता, सतरापर्यंत उतरत होता, आणि बॅटरी बदलूनही फरक पडला नाही. वारकऱ्यांच्या दोन रांगा लागल्या, टाळांचा गजर वाढला आणि अश्व सुटले. मी अठ्ठेचाळीस फ्रेम लावून ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) ११ वरून ८ वर आणले होते, कारण वेग दुप्पट झाला की एक पूर्ण स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतके, उघडावे लागते. स्वाराचा घोडा पुढे गेला तरी मी बटण दाबले नाही. मागून माउलींचा अश्व चौकटीत शिरला तेव्हा दाबले. मनात चार आवर्तने झाली तेव्हा तो निघून गेला होता. उरलेल्या तीन आवर्तनांत टापांखालची माती उचलून कपाळाला लावणारे हात मिळाले, त्यांत एका म्हातारीचा हात इतका जवळ होता की बांगड्यांमध्ये अडकलेला चिखल पडद्यावर स्पष्ट दिसतो. ॲरिफ्लेक्सवरचे चित्रण धुऊन आले तेव्हा कॅमेऱ्याचा वेग उतरल्यामुळे त्यातील अश्व अनैसर्गिक वेगाने पळत होता आणि चित्र जास्त उजळले होते. संकलनाच्या टेबलावर ज्येष्ठ म्हणाले, “तुला नशिबाने मिळाला.” आदल्या रात्री तास-दीड तास मोजून ठेवलेल्या सेकंदांना नशीब म्हणणे हा त्या श्रमाचा अपमान आहे, असे मी तेव्हा बोलू शकलो नाही, म्हणून येथे लिहितो.

तुमच्या प्रश्नातील ‘सर्व प्रकारचे चित्रण’ या शब्दांचा मला कळलेला अर्थ असा. बोलेक्सवर एकेक फ्रेम घेऊन ॲनिमेशन करता येते आणि वेग ६४ फ्रेमपर्यंत नेता येतो. स्प्रिंग सोडवून फिल्म हाताने मागे फिरवता येते. बदलते शटर मिटत नेत ४० फ्रेम फेड करावेत, म्हणजे काळोखात विरू द्यावेत, शटर बंद ठेवून तेवढेच फ्रेम मागे जावे आणि पुढचे दृश्य उघडत घ्यावे, की डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरे उमटणे) कॅमेऱ्यातच तयार होतो. हे एवढे सगळे एका डब्यात आणि तेही बॅटरीशिवाय देणारा दुसरा कॅमेरा माझ्या हाताखालून गेलेला नाही. १०० फुटांचे रीळ चोवीस फ्रेमवर पावणेतीन मिनिटे चालते आणि या मर्यादेमुळे माणूस विचार करून बटण दाबतो.

के-३ मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा, चावीचाच. त्याची १७ ते ६९ मिमीची झूम लेन्स खरोखर चांगली आहे आणि आरशाच्या शटरमुळे व्ह्यूफाइंडर लख्ख दिसतो. मात्र लूप (फिल्मचा सैल वळसा) घडवणाऱ्या त्याच्या पट्ट्या फिल्मवर ओरखडे पाडतात, म्हणून अनेक जण त्या काढून हाताने लूप करतात. पैसे कमी असतील तर तो घ्या, पण एक रीळ चालवून आणि धुऊन पाहिल्याशिवाय घेऊ नका.

ॲरिफ्लेक्स १६ एस १९५२ सालचा. त्यातील रजिस्टर पिन प्रत्येक फ्रेम जागेवर धरून ठेवते, त्यामुळे त्याच्याइतके स्थिर चित्र बोलेक्स देत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. ४०० फुटांचे मॅगझिनही त्याला लागते. स्टुडिओत, ट्रायपॉडवर, भरवशाच्या बॅटरीवर काम करणाऱ्याने तोच घ्यावा.

बोलेक्सबद्दल काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. त्याच्या व्ह्यूफाइंडरचा प्रिझम फिल्मकडे जाणाऱ्या प्रकाशातला काही भाग घेतो, तेव्हा प्रकाश मोजणाऱ्या मीटरचा आकडा तसाच लावू नका. ५० मिमीपेक्षा आखूड लेन्स ‘आरएक्स’ (रिफ्लेक्स बोलेक्ससाठी बनवलेली) लिहिलेलीच हवी, नाहीतर उघड्या ॲपर्चरवर चित्र मऊ येते. डोळा आय-पीसवर नसेल तेव्हा व्ह्यूफाइंडरची झडप बंद करा, नाहीतर मागून प्रकाश शिरतो. आणि समोरच्या माणसाचे बोलणे त्याच वेळी ध्वनिमुद्रित करायचे असेल तर चावीचा बोलेक्स उपयोगाचा नाही, कारण तो आवाज करतो आणि त्याचा वेग ध्वनीशी बांधलेला राहत नाही. ॲरिफ्लेक्स १६ एससुद्धा आवाज करतो, त्या कामाला ॲरिफ्लेक्स १६ बीएल किंवा एक्लेअर पाहावा लागेल.

मामांचा तो बोलेक्स आजही माझ्याकडे आहे. दर महिन्याला रद्द फिल्म घालून त्याला चावी देतो, पूर्ण उतरू देतो आणि मगच पेटीत ठेवतो. तुम्ही घेतलात तर स्प्रिंग ताणलेली ठेवून तो कधी बंद करू नका.