आणखी एक बोअर घेण्याआधी गळती आणि सांडपाणी मोजा

तुमचा प्रश्न असा: मोशीजवळ दोनशे फ्लॅटची सोसायटी, महापालिकेचं पाणी दिवसाआड, मार्च लागला की टँकर. यंदा पावसाने ओढ दिली तर काय, या धास्तीने कमिटीत आणखी एक बोअर मारायचा ठराव आलाय. तो मंजूर करावा का?

मी पिंपरी-चिंचवडमधल्याच एका सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं पाण्याचं काम बघतोय. माझं मत स्पष्ट आहे. ठराव बाजूला ठेवा आणि ते पैसे एसटीपी (म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याजोगं करणारं केंद्र) नीट चालवण्यावर आणि गळती शोधण्यावर खर्च करा.

नळ, टँकर आणि बोअर हे आपल्याला तीन वेगळे स्रोत वाटतात. एक कमी पडला की दुसरा आहे, असा आपला हिशेब असतो. पण तिन्ही एकाच पावसावर चालतात, त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी तिन्ही एकदमच कमी होतात.

आधी नळाचं बघू. आपल्या शहराचं मुख्य पाणी मावळातल्या पवना धरणाचं. साठा साधारण साडेआठ टीएमसी, म्हणजे साडेआठ अब्ज घनफूट. ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलतात आणि निगडीत शुद्ध करतात. तुमच्या भागाला जवळचं म्हणजे आंद्रा धरणाचं पाणी. ते इंद्रायणीवरच्या निघोजे बंधाऱ्यातून उचलून चिखलीच्या केंद्रात आणतात. पण एक गोष्ट सगळे विसरतात. दिवसाआड पाणी सुरू झालं ते २५ नोव्हेंबर २०१९ ला, आणि त्या पावसाळ्यात तर धरण भरलं होतं. म्हणजे ही कपात दुष्काळाची नाहीच. शहर ज्या वेगाने वाढलं त्या वेगाने पाणी उचलण्याची, शुद्ध करण्याची आणि सगळीकडे सारखं पोचवण्याची व्यवस्था वाढली नाही, म्हणून ती आली. खरा दुष्काळ पडला तर त्याची कपात या दिवसाआडच्या वर येईल. १५ ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे त्यावर पुढच्या जुलैपर्यंतचं नियोजन होतं, म्हणून तो आकडा दरवर्षी लिहून ठेवा.

टँकर भरतात ते बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या विहिरी आणि बोअरवर. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्याच जिल्ह्यातले पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, शिरूर होते. अशा वर्षी प्रशासन गावांच्या पिण्यासाठी खासगी विहिरी अधिग्रहित करतं, टँकरही लावून घेतं. ते योग्यच आहे, आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला मिळायला हवं. पण मग तुमच्याकडे रोज येणारा टँकर त्या महिन्यात येईलच असं धरून चालता येत नाही.

आता बोअर. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. या खडकात पाणी वाळूसारखं सगळीकडे पसरून राहत नाही. वरच्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यात जेवढं मुरलं तेवढंच. म्हणून शेजारच्या प्लॉटला पाणी लागतं आणि आपल्याला नुसती धूळ उडते. खोल गेलं की जास्त पाणी, हे इथे बऱ्याचदा खोटं ठरतं. आणि लागलंच तर ते 'आपलं' नसतं. त्याच भेगेवर पलीकडच्या सोसायटीची बोअर असते, खाली कुणा शेतकऱ्याची विहीर असते. तुम्ही सहाशे फुटांवर गेलात की पुढच्या वर्षी ते सातशेवर जातात. पुण्यातल्या 'अ‍ॅक्वाडॅम' या संस्थेने भूजल ही सामायिक गोष्ट आहे हे वर्षानुवर्षं मांडलंय. ते पटलं की दुसरी बोअर मारायला हात धजावत नाही. असलेली बोअर जरूर सांभाळा, पावसाळ्यात गच्चीचं पाणी गाळून तिच्यात सोडा. पण नवी नको.

गच्चीच्या पाण्याबद्दलही खरा हिशेब मांडतो, कारण त्याचा फार गाजावाजा होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गच्ची १,५०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर, हाती लागतं ते ८० टक्के धरा. झाले ८ लाख ४० हजार लिटर. तुमच्या सोसायटीत सातशे माणसं धरली आणि माणशी १३५ लिटर हे शासकीय प्रमाण धरलं, तर दिवसाची गरज ९४,५०० लिटर. म्हणजे वर्षभराच्या पावसाचं सगळं पाणी नऊ दिवसांचं. दुष्काळात पाऊस निम्मा झाला तर साडेचार दिवसांचं. जमिनीत पाणी मुरवण्यासाठी ते करायलाच हवं, बोअरलाही त्याचा फायदा होतो. पण त्याच्या भरवशावर उन्हाळा निघणार नाही.

पाऊस कितीही कमी झाला तरी सोसायटीच्या आत दोन ठिकाणी पाणी उरतंच: जे गळून वाया जातं ते, आणि जे आपण वापरून गटारात सोडतो ते.

गळती शोधायला कुठलं यंत्र लागत नाही. रात्री एक ते चार पंप बंद ठेवा आणि वरच्या टाकीची पातळी पट्टीने मोजा. टाकीचा तळ पाच बाय चार मीटर असेल तर पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे दोनशे लिटर गेले. तीन तासांत पाच सेंटीमीटर उतरली तर हजार लिटर, दिवसाचे आठ हजार. त्या वेळी माणसं झोपलेली असतात, त्यामुळे यातलं बहुतेक पाणी कुठेतरी वाहतंय. सर्वांत मोठे चोर फ्लशच्या टाक्या. आतली वॉशर झिजली की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका, फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग दिसला की गळती आहे. जमिनीखालच्या टाकीसाठी दिवसाआडचं पाणीच उपयोगी पडतं. पाणी न येण्याच्या दिवशी काही तास पंप बंद ठेवा आणि पातळी बघा. वापर बंद असताना ती उतरली तर टाकीला तडा आहे, आणि टाकी जुनी असेल तर त्याच तड्यातून बाहेरचं घाण पाणी आतही येऊ शकतं.

याच्याच जोडीला विंगनिहाय मीटर लावा. फ्लॅटनिहाय मीटर उत्तम, पण आपल्याकडे एका फ्लॅटला स्वयंपाकघराची, दोन बाथरूमची अशा वेगळ्या लाइन उतरतात, त्यामुळे मीटर तिप्पट लागतात आणि सभेत ठराव अडतो. विंगचा आकडा लिफ्टजवळच्या फळ्यावर लागला की निम्मं काम होतं. खालच्या मजल्यांवर दाब फार असतो, दहा मीटर उंचीला एक बार या हिशेबाने. तिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवा, बेसिनच्या नळांना एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी, लावा.

आणि एसटीपी. यावर मी थोडा जास्तच बोलणार, कारण पाण्याची खरी हमी इथे आहे. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर असेल तर पर्यावरण मंजुरीतच एसटीपीची अट असते, म्हणजे तुमच्या इमारतीत तो बहुधा असेलच. आणि बहुधा बंद असेल, किंवा तपासणीला कोणी येणार म्हटलं की सुरू होत असेल. कारण विजेचं बिल. पण यात काम करतात ते जिवाणू. त्यांना चोवीस तास हवा लागते. हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवला की ते मरतात, पाण्याला वास येतो, लोक तक्रार करतात आणि एसटीपी कायमचा बंद पडतो. म्हणजे वीज वाचवण्यासाठी केलेली गोष्टच तो बंद पाडते. चांगला ऑपरेटर नेमा, ब्लोअर चालू ठेवा, वाळूचा आणि कार्बनचा फिल्टर वेळेवर धुवा, शेवटी जंतू मारायला क्लोरीन किंवा यूव्ही (अतिनील किरण) द्या आणि दर महिन्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून पाणी तपासून अहवाल फळ्यावर लावा. वासाची भीती अहवाल वाचल्यावर कमी होते.

१३५ लिटरमधले ४५ लिटर फ्लशला जातात असं प्रमाण आहे. सातशे माणसांचे झाले ३१,५०० लिटर, म्हणजे दहा हजारी तीन टँकर, रोजचे. महापालिकेने उद्या वीस टक्के कपात केली तर तुमचे १८,९०० लिटर कमी होतील. फ्लशला एसटीपीतलं शुद्ध केलेलं पाणी वापरत असाल तर त्याहून जास्त तुम्ही आधीच वाचवलेलं असेल. बाग आणि पार्किंग धुणं वेगळंच. हे पाणी उन्हाळ्यातही मिळतं, कारण माणसं अंघोळ करतात तोवर सांडपाणी तयार होतं.

एक धोका मात्र गांभीर्याने घ्या. फ्लशची लाइन आणि पिण्याची लाइन कुठे चुकून जोडली गेली नाही ना, हे प्लंबरच्या शब्दावर सोडू नका. गोड्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा, पाइप रिकामे होऊ द्या, मग प्रत्येक फ्लॅटमधला स्वयंपाकघराचा नळ उघडा. पाणी येत राहिलं तर जोड आहे. कुणी फ्लॅटमध्ये नूतनीकरण केलं की ही तपासणी पुन्हा करा.

टँकरचं पाणीही तपासल्याशिवाय टाकीत घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव आणि किरकटवाडीच्या पट्ट्यात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच होता. क्लोरीन तपासायचं किट स्वस्त मिळतं, वॉचमनला शिकवता येतं. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाला दिसायला हवं.

कमिटीत कुणी म्हणेल, एवढं सगळं आपण कशाला करायचं, धरणातून जास्त पाणी आणा. पवनेतून थेट बंद पाइपने निगडीपर्यंत पाणी आणायची योजना होतीच. तिच्या विरोधात मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले आणि ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलीस गोळीबारात तीन जण मेले. ज्यांची जमीन धरणात गेली त्यातल्या शेकडो कुटुंबांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलेलं आहे. आपल्या नळाच्या त्या टोकाला ही माणसं आहेत. शहराला पाणी लागणारच, ते मी नाकारत नाही. पण आपल्या फ्लशच्या टाक्या गळत असताना आणि एसटीपी बंद असताना त्यांच्याकडे आणखी पाणी मागणं मला पटत नाही.

महापालिकेकडे मात्र मागायचं ते ठामपणे मागा. आसपासच्या सोसायट्या एकत्र करा. क्षेत्रीय कार्यालयाकडे प्रत्येक सोसायटीला प्रत्यक्ष मिळालेल्या पाण्याचे मीटरचे आकडे मागा, कारण एका गल्लीत दोन तास दाबाने आणि पुढच्या गल्लीत अर्धा तास करंगळीएवढं, हा वाटपाचा दोष असतो, धरणाचा नव्हे. आणखी एक कागद शोधा. पुरेसं पाणी देता येत नसलेल्या भागात परवानगी देताना, महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत आपण स्वखर्चाने पाणी देऊ, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. तुमच्या प्रकल्पाचं असं हमीपत्र आहे का हे माहितीच्या अधिकारात विचारा. असेल तर टँकरच्या बिलांच्या प्रती जोडून बिल्डरला लेखी नोटीस द्या आणि तीच प्रत बांधकाम परवानगी विभागालाही द्या. सोसायटीचा ताबा घेतानाच्या कागदांत एसटीपी चालू स्थितीत दिल्याचं लिहिलंय का तेही बघा. प्रत्यक्षात तो बंदच मिळाला असेल तर दुरुस्तीचा खर्चही त्याच नोटिशीत मागता येईल.