लोकशाहीत वंशपरंपरेचा राजा ठेवावा का? एका कोल्हापूरकराचं उत्तर

प्रश्न असा आहे की ब्रिटन, जपान, स्वीडन, नॉर्वे हे पुढारलेले लोकशाही देश अजून राजा ठेवून आहेत, मग आपणही राष्ट्रपतीच्या जागी एखादं राजघराणं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं. आणि खाली जोडलंय, 'कोल्हापूरला जाऊन बघा, लोकांना मनातून अजून राजाच हवा असतो.' नुसता पहिला भाग असता तर मी वाचून सोडून दिला असता. ह्या दुसऱ्या वाक्यासाठी लिहायला बसलोय.

मी कोल्हापूरचा, मंगळवार पेठेत वाढलो. आमच्या घरात शाहू महाराजांचा फोटो देवघराला लागून आहे आणि तो तिथून हलणार नाही. तरी माझं उत्तर नाही असंच आहे. वंशपरंपरेनं कुठलंही सरकारी पद कुणाला देऊ नये, राजाचं तर नाहीच नाही.

आता कोल्हापूरच्या लोकांना मनातून काय हवं असतं ते सांगतो. २००९ ची लोकसभा. संभाजीराजे राष्ट्रवादीकडून उभे होते आणि समोर सदाशिवराव मंडलिक अपक्ष. ती निवडणूक ज्यांनी इथं राहून बघितली नाही त्यांना घराघरात काय चाललं होतं ते सांगून कळायचं नाही. आमच्या घरात तर सरळ दोन पार्ट्या. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, त्यांचं म्हणणं एकच, छत्रपतींच्या घरातला माणूस दारात येऊन मत मागतोय, त्याला नाही म्हणायचं म्हणजे पाप. आणि माझा आज्जा, तात्यांचा बाप, पंचाऐंशीच्या घरात, सोप्यात खाटेवर बसून शांतपणे म्हणायचा, मी न्हाई देणार.

हा आज्जा कोण तर दरवर्षी न चुकता दसरा चौकात जाणारा माणूस. दुपारपासून तयारी. फेटा स्वतः बांधायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. आपट्याची पानं चुरगळू नयेत म्हणून रुमालाच्या घडीत घालून वरच्या खिशात ठेवायचा. चौकात मेबॅक गाडी आली की ताठ उभा, शमीपूजन होऊन सोनं लुटायची झुंबड उडाली की आम्ही पोरं आत घुसायचो पण हा बाजूला थांबायचा, आणि गर्दी ओसरली की जमलं तर महाराजांच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हातांनी सोनं देऊन कमरेत वाकून मुजरा करायचा. त्या वेळचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

आणि हाच माणूस पोरवयात प्रजापरिषदेचा. आमचं मूळ गाव पन्हाळा तालुक्यात. १९३९ ला प्रजापरिषद निघाली, माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही मंडळी, मागणी काय तर कोल्हापूर संस्थानात जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांनी निवडलेलं सरकार द्या आणि शेतसारा कमी करा. आज्जा सभेच्या सतरंज्या उचलायचा, हँडबिलं वाटायचा. त्याच्या बापाला एकदा साऱ्याचा हप्ता थकला म्हणून एका अंमलदारानं मुंडासं काढायला लावून चावडीसमोर उन्हात दिवसभर उभं केलं होतं. ते आज्जानं डोळ्यांनी बघितलेलं. असं करायला महाराजांनी सांगितलं होतं का, नाही. महाराजांना कळलं तरी होतं का, नाही. आज्जा म्हणायचा, "राजा चांगलाच हुता की. पण आमची हाक राजापातुर जायला मधी चार माणसं, आन चारीबी त्येचीच. हाक मारायची कुणाला?"

राजेशाहीवर मी इतिहास राज्यशास्त्राची बरीच पुस्तकं वाचली, ह्याच्यापेक्षा नेमकं मला कुठं सापडलेलं नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तात्या पेटलेच. तुमचा थोरला भाऊ बोर्डिंगात शिकला तो कुणामुळं, आपल्या जातीला शाळेची पायरी कुणी दाखवली, ज्या गादीचं मीठ खाल्लं तिच्या विरोधात शिक्का मारताय (मशीन आलेलं तरी तात्या शिक्काच म्हणायचे). आज्जानं ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "म्हणून तर मुजरा करतोय. मुजरा गादीला, मत माझं." आणि आडवा झाला. सकाळी माझा दंड धरून केंद्रावर गेला, मत देऊन आला. निकालात राजे पडले. तात्या त्या रात्री जेवले नाहीत, आणि पुढं कितीतरी दिवस बापाशी धड बोलत नव्हते.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आज्जानं परत फेटा काढला. तात्या दारातनं म्हणाले, आता कुठल्या तोंडानं जाताय. आज्जानं उत्तर दिलं नाही, फेटा बांधून झाला, पानं रुमालात घातली आणि गेला.

तर प्रश्न विचारणाऱ्या भावा, कोल्हापूरच्या लोकांच्या मनात काय आहे ते हे आहे. दसऱ्याच्या गर्दीवरून लोकांना राजा हवाय असं ठरवणारे लोक बाहेरून एक दिवस येतात आणि फोटो काढून जातात. पुढं २०२४ ला आत्ताचे महाराज, म्हणजे संभाजीराजेंचे वडील शाहू छत्रपती, काँग्रेसकडून लोकसभेला उभे राहिले तेव्हा एका बाजूची घोषणा होती 'मान गादीला, मत मोदींना' आणि दुसरी बाजू म्हणत होती 'मान पण गादीला, मत पण गादीला'. म्हणजे मान आणि मत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दोन्ही बाजूंनी धरूनच भांडण होतं. महाराज दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आले. तात्यांचा मला लगेच फोन, बघ, शेवटी गादीच जिंकली. मी म्हटलं तात्या, गादी नाही, उमेदवार जिंकला. अर्ज भरला, मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलं, उन्हातान्हात गावोगाव फिरले, मशीनवर दुसरीही नावं होती. २००९ ला त्याच घराला नको म्हटलं, २०२४ ला हो म्हटलं. ब्रिटनच्या माणसाला त्याच्या राजाबद्दल असं हो-नाही करता येतं का?

तात्यांचा हुकमी पत्ता आधीपासून एकच, जुने राजर्षी शाहू महाराज. १९०२ चा मागासांना नोकऱ्यांत पन्नास टक्के जागांचा हुकूम, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण, अस्पृश्य म्हणून हिणवलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन घेतलेला चहा. हे एका तरी निवडून आलेल्या सरकारनं त्या काळात केलं असतं का, असं तात्या विचारतात. मान्य, नसतं केलं. ह्यातल्या एका अक्षराला माझा विरोध नाही.

पण त्याच गादीचा त्यांच्या आधीचा इतिहास तात्या कधी काढत नाहीत. १८७० ला राजाराम महाराज विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. मग दत्तक आले चौथे शिवाजी, लहान पोर. मोठे झाल्यावर त्यांना वेडे ठरवून इंग्रजांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं आणि १८८३ ला तिथं पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत ते गेले. ह्या पोराचे जे हाल झाले ते वाचून आजही पोटात तुटतं. मग १८८४ ला कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव दत्तक आला, तो शाहू. हातात कारभार आला १८९४ ला. मधली सगळी वर्षं लोकांनी काय करायचं होतं? वाट बघायची. दत्तक म्हणून घाटग्यांच्या ऐवजी दुसऱ्या कुठल्या घरातलं पोर निवडलं असतं तर? आपल्याला शाहू मिळाले हे आपलं भाग्य, पण ते नशिबानं मिळाले. व्यवस्थेनं दिले नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. शाहू महाराजांनी आयुष्यभर लढाई कशाशी केली? जन्मानं मिळणाऱ्या अधिकाराशी. वेदोक्त प्रकरण काय होतं? अमक्या घरात जन्मला म्हणून हा पुजारी श्रेष्ठ आणि राजासुद्धा त्याच्या लेखी शूद्र, ह्याच्याशीच ते भिडले. १९१८ ला त्यांनी कुलकर्णी वतनं मोडली आणि पगारी तलाठी नेमले. बापाच्या मागं पोरगा कुलकर्णी, त्याच्या मागं त्याचा पोरगा, काम येवो न येवो, गाव नाडो न नाडो, त्याला काढता येत नाही, हे त्यांना चालेना. महार वतनही त्यांनीच मोडलं, कारण त्या वतनाच्या नावावर पिढ्यानपिढ्या माणसं फुकट राबवली जात होती. ज्या माणसाला गावचा हिशोब ठेवायला वंशपरंपरा चालली नाही, त्याचं नाव घेऊन देशाचा प्रमुख वंशपरंपरेनं नेमा म्हणायचं? हे मी तात्यांना तीन वेगवेगळ्या लग्नांत सांगितलंय, त्यांच्याकडं उत्तर नाही. ते 'तू लई शिकलास' म्हणून उठून जातात.

आता परदेशाचं थोडक्यात. स्वीडनचं नाव घेताना तिथल्या राजाकडं राहिलंय काय ते बघा. १९७४ च्या संविधानानं पंतप्रधान नेमायचं कामही त्याच्याकडून काढून संसदेच्या सभापतीकडं दिलं. वर १९८० पासून थोरलं मूल वारस असा नियम केला, मग ते मुलगा असो मुलगी असो, आणि आधी जन्मलेल्या व्हिक्टोरियासाठी तान्ह्या राजपुत्राचं युवराजपद काढून घेतलं. म्हणजे गादी कुणाची हेसुद्धा तिथं संसद ठरवते. नॉर्वेनं तर १९०५ ला लोकांचं मत घेऊनच राजा आणला. बेल्जियममध्ये १९९० ला गर्भपाताच्या कायद्यावर राजानं सही करायला नकार दिला तर मंत्रिमंडळानं तो राज्य करायला असमर्थ आहे असं जाहीर केलं, स्वतः कायदा लागू केला आणि दीड दिवसात संसदेनं त्याला परत गादीवर बसवलं. तुम्ही ज्यांची उदाहरणं देता त्या देशांत राजा चालतो तो राजा म्हणून नाही, त्याला राजासारखं वागू दिलं जात नाही म्हणून चालतो. मग ठेवायचा कशाला?

स्पेनचं उदाहरण लोक हमखास देतात, १९८१ ला सिव्हिल गार्ड ह्या सशस्त्र दलाच्या लोकांनी संसदेत घुसून आणि लष्करातल्या काहींनी मिळून बंड केलं तेव्हा राजा हुआन कार्लोस टीव्हीवर येऊन लोकशाहीच्या बाजूनं उभा राहिला. खरं आहे, मोठं काम केलं. तोच राजा पुढं पैशांच्या प्रकरणांत बदनाम झाला, २०१४ ला गादी सोडली आणि २०२० ला देश सोडून अबुधाबीला गेला. एकाच आयुष्यात दोन्ही. आणि जपान? तिथं सम्राटाची एकुलती एक मुलगी आयको, २००१ ची, तिला गादी मिळणार नाही कारण ती मुलगी आहे. कावळा नाक्यावर घोड्यावरच्या ताराराणीचा पुतळा बघत मोठा झालेला माणूस मी, आमची करवीरची गादीच ज्या बाईनं उभी केली. मला हे कौतुकानं सांगू नका.

राष्ट्रपतीबद्दल एक कबूल करायला पाहिजे. आपल्याकडंही राष्ट्रपती पक्षाच्या सोयीनं ठरतो, आणि आमदाराचा पोरगा आमदार, खासदाराचा पोरगा खासदार हे सगळ्या महाराष्ट्रात चाललंय, कोल्हापूर जिल्हा त्यात मागं नाही. हे वाईटच आहे. पण त्या पोराला पाच वर्षांनी पाडता येतं, पाडलेलंही आहे. माजी राजांना सरकारकडून मिळणारे तनखे १९७१ ला सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं बंद झाले ते योग्यच झालं असं माझं मत आहे, विलीनीकरणाच्या वेळी दिलेला शब्द मोडला म्हणून तात्यांना त्याचा अजून राग येतो, आणि शब्द मोडल्याचा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. तसंच नॉर्वेच्या लोकांनी उद्या परत मत देऊन राजा ठेवला तर तो त्यांचा प्रश्न. फक्त मत घ्या. ऑस्ट्रेलियानं १९९९ ला घेतलं, राणी ठेवली, ठीक आहे.

तरी कुणाला राजा ठेवायचाच असेल तर मी ब्रिटन सोडून भूतान बघायला सांगेन. तिथल्या २००८ च्या संविधानात लिहिलंय की राजा पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणार, आणि तो संविधानाविरुद्ध वागला तर संसदेनं तीन चतुर्थांश मतांनी ठराव करून, जनतेचं मत घेऊन त्याला काढायचं. आणि ही लोकशाही आणायचा आग्रह राजाचाच होता, तिथली बरीच जनता तर नको म्हणत होती. हे मी गेल्या दिवाळीत तात्यांना सांगितलं तर ते खूश, म्हणाले बघ, शेवटी शहाणा राजाच निघाला. मी म्हटलं तात्या, शहाणा होता म्हणूनच स्वतःच्या पोराला काढायचं कलम त्यानं लिहून घेतलं, आमच्या आज्जाचं म्हणणं तरी वेगळं काय होतं? त्यावर ते काही बोलले नाहीत. काकूनं फराळाचं ताट पुढं केलं आणि विषय तेवढ्यावर राहिला, पण मी तो परत काढणार आहे.