अर्थशास्त्र कधी शिकलो नाही, रोजच्या प्रवासात ऐकून समजेल असा पॉडकास्ट कोणता?

एनपीआर या अमेरिकन सार्वजनिक रेडिओच्या 'प्लॅनेट मनी'पासून सुरुवात करा, आणि प्रवास छोटा असेल तर त्यांचाच 'द इंडिकेटर' घ्या, साधारण 10 मिनिटांत एकच मुद्दा घेऊन संपतो. मी पण अर्थशास्त्र शिकलेली नाही, ऑफिसला जाता-येता हेच ऐकत आलेय आणि ते डोक्यात राहतं, कारण ही मंडळी व्याख्या सांगत बसत नाहीत, थेट एखाद्या व्यवहाराच्या मागे लागतात. 2016 मध्ये तर त्यांनी खरंच 100 बॅरल कच्चं तेल विकत घेतलं आणि ते जमिनीतून निघून रिफायनरीमार्गे पंपापर्यंत कसं जातं, मधे भाव कसे ठरतात, हे एपिसोडमागून एपिसोड दाखवलं, ती सिरीज आधी शोधा, फार सुंदर आहे. मग हे:

- बीबीसीचा 'मोअर ऑर लेस': बातम्यांतले आकडे खरे का खोटे ते तपासतात, होस्ट टिम हारफर्ड
- 'इकॉनटॉक': अर्थतज्ज्ञ रस रॉबर्ट्स 2006 पासून करतायत, तासाभराच्या मुलाखती, थोडं कळायला लागल्यावरच ऐका

फक्त एक, हे सगळे इंग्रजीत आहेत आणि उदाहरणं बरीचशी अमेरिका-ब्रिटनची, त्यामुळे महागाई, व्याजदर यामागची कल्पना तिथून घ्या पण टॅक्सचे किंवा बँकांचे नियम आपल्याकडे तसेच असतील असं धरून चालू नका, ते वेगळे बघावेच लागतात.