मिरर आहे, मग बॅकअप कशाला?

प्रश्न : ताई, ऑफिसातल्या पंचवीस जणांसाठी मी लिनक्सचा सर्व्हर उभा करतोय. २ टीबीच्या दोन डिस्क मिररमध्ये, म्हणजे रेड १ मध्ये लावल्या आहेत; एकीवर लिहिलेलं दुसरीवरही आपोआप लिहिलं जातं. त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस आणि सगळ्यांच्या सामाईक फाइल्स राहतील. इन्स्टॉलर सगळं एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकाच कप्प्यात, टाकायला सुचवतो, तर जुनी मंडळी सांगतात की प्रत्येक गोष्ट वेगळी ठेव. कोणाचं ऐकू? आणि मिरर असताना रोजचा बॅकअप खरंच लागतो का?

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. बॅकअप लागतोच. एक डिस्क गेली तरी सर्व्हर चालू राहतो, एवढंच मिररचं काम. कोणी चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतो.

आता पार्टिशन. ती पाडताना मी स्वतःला विचारते, की हे भरलं तर त्याच्यासोबत आणखी काय बंद पडेल? हा प्रश्न मला एका सकाळने शिकवला. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर सगळं एकाच पार्टिशनमध्ये होतं आणि रात्रीचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जायचा. ती '/बॅकअप' या डिरेक्टरीवर माउंट केलेली, म्हणजे त्या फोल्डरमधून उघडेल अशी जोडलेली होती. एकदा सर्व्हर रीबूट झाला आणि ती डिस्क माउंटच झाली नाही. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नकोस) लिहिलेलं असल्यामुळे मशीन बिनतक्रार सुरू झालं. बॅकअपच्या स्क्रिप्टला समोर रिकामी डिरेक्टरी दिसली आणि स्क्रिप्ट मुकाट्याने रूटवरच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य पार्टिशनवरच, लिहीत राहिली. नवव्या रात्री रूट भरलं, डेटाबेस थांबला.

सकाळी मी घाईघाईने बाहेरची डिस्क हाताने माउंट केली आणि तिथेच फसले. डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड रूट १०० टक्के भरलेलं दाखवत होती, पण 'डीयू'ने फाइल्सच्या आकारांची बेरीज केली तर निम्म्याचाही हिशेब लागेना. नऊ रात्रींच्या प्रती त्या माउंट केलेल्या डिस्कच्या खाली झाकल्या गेल्या होत्या. डिस्क अनमाउंट केल्यावर त्या दिसल्या, पण तोवर तास गेला होता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ 'माउंटपॉइंट' कमांडने डिस्क खरंच जागेवर आहे का ते तपासते. शिवाय डिस्क काढून रिकाम्या डिरेक्टरीवर 'सीएचअ‍ॅटर +आय' लावून ठेवते, म्हणजे डिस्क नसताना तिथे रूट युजरलाही, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरलाही, लिहिता येत नाही.

तुमच्याकडे मी असं करीन. दोन्ही डिस्कवर ईएफआयचं, म्हणजे मशीन जिथून सुरू होतं ते, १ जीबीचं पार्टिशन. दोन्हींवर हवंच, नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर डेटा शाबूत असूनही मशीन बूट होणार नाही. बूटला १ जीबी, उरलेलं सगळं एलव्हीएमकडे, म्हणजे जागेचे हवे तसे व्हॉल्यूम पाडून देणाऱ्या व्यवस्थेकडे. त्यात रूट ४० जीबी, '/व्हार' (लॉग वगैरे) ६० जीबी, पोस्टग्रेसचा डेटा स्वतंत्र ३०० जीबी, फाइल्स ८०० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) ८ जीबी. साधारण ६०० जीबी कोणालाच न देता मोकळी ठेवा. रिकामी जागा बघून हात शिवशिवतात, पण एलव्हीएममध्ये चालू सर्व्हरवर व्हॉल्यूम वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे, तर कमी करणं जिकिरीचं. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर लहान करणं जवळपास अशक्यच, म्हणून मी ईएक्सटी४ घेते. ती मुळात ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखते. ८०० जीबीच्या फाइल व्हॉल्यूमवर ते ४० जीबी होतात. तिथे 'ट्यून२एफएस'ने १ टक्क्यावर आणा, रूटवर मात्र हात लावू नका. '/होम' (युजरांची खासगी फोल्डरं) वेगळं करायची गरज मला दिसत नाही, कारण लोक सर्व्हरवर लॉगिन करणारच नाहीत.

बॅकअपमध्ये चालू डेटाबेसची डेटा डिरेक्टरी नुसती कॉपी करू नका, ती प्रत अर्धवट निघते. रोज रात्री पोस्टग्रेसच्या 'पीजी_डंप' कमांडने डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, काढा आणि तो डंप व फाइल्स रेस्टिक किंवा बॉर्ग या बॅकअप प्रोग्रॅमने दुसऱ्या मशीनवर पाठवा. एक प्रत इमारतीबाहेर हवी. त्या मशीनवर या सर्व्हरला फक्त भर घालण्याची परवानगी द्या, जुन्या प्रती पुसण्याची नको. रॅन्समवेअर सर्व्हरवर शिरलं तरी मागच्या प्रती त्यामुळे वाचतात. रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरबाहेरही लिहून ठेवा, कारण तो हरवला तर डेटा कोणीच उघडू शकत नाही.

आणि सर्व्हर लोकांच्या हाती द्यायच्या आधी एकदा कोऱ्या मशीनवर सगळं रिस्टोअर करून बघा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा टेबलं आली, पण युजर नव्हते. 'पीजी_डंप' एका डेटाबेसपुरता असतो, युजर आणि त्यांचे पासवर्ड 'पीजी_डंपऑल'ने वेगळे काढावे लागतात. मला ते त्या दिवशीच कळलं. रिस्टोअर करताना घड्याळही लावा. ८०० जीबी १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून यायला दोन तास तरी लागतात, १०० मेगाबिटच्या लाइनवरून जवळपास अख्खा दिवस. तो आकडा साहेबांना आजच सांगून ठेवा. दिवसभर थांबणं परवडणार नसेल, तर इमारतीतली प्रत कुठे ठेवायची तेही त्याच बैठकीत ठरवा.