वाचनालयात आलेली नवी पुस्तकं सभासदांना आरएसएस फीडवरून कळवता येतील का?

येतात, आणि वेगळा खर्चही नाही. आपल्या कोल्हापुरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे, वाचणाऱ्यांचा तोटा नाही. पण यादी फळ्यावर लागली तर ती वाचायला आधी सभासदाने यावं लागतं, तिथेच अडतं.

फीड म्हणजे संकेतस्थळावरच्या ताज्या नोंदींची एक फाईल. सभासद फीडलीसारख्या फीड रीडर ॲपमध्ये तिचा पत्ता एकदा टाकतो, मग नवी नोंद आपोआप दिसते. मोबाईल नंबर द्यावा लागत नाही, व्हॉट्सॲप ग्रुपसारखी ती शुभेच्छांखाली गाडलीही जात नाही. वर्डप्रेसवर संकेतस्थळ असेल तर फीड तयारच असतं. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर आणखी बरं: कॅटलॉगमध्ये केलेल्या प्रत्येक शोधाचं स्वतंत्र फीड मिळतं.

माझं आग्रहाचं सांगणं, सगळ्यांसाठी एकच फीड काढू नका. गंगावेशीतल्या काकूंना कादंबऱ्या हव्या असतात, राजारामपुरीत अभ्यासिकेत बसणाऱ्या पोराला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. दोघांना सगळंच पाठवलं की दोघंही बघायचं सोडतात. आणि नोंदीचं शीर्षक 'जुलैमधील नवीन पुस्तके' असं नको. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाट क्रमांक एवढं तिथंच दिसू दे.

पंचगंगेला पूर आला, वाचनालय बंद आहे, अशा सूचनांचं फीड वेगळं ठेवा. फीड रीडर न वापरणाऱ्यांसाठी तेच फीड ईमेल पाठवणाऱ्या सेवेला जोडता येतं. मजकूर एकदाच लिहायचा.