खांबामागची जागा

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. 2025 चा सगळा सीझन मुलीकडे बॉस्टनजवळ काढला. जावई आणि त्यांचे दोन मित्र बॉस्टनच्या बेसबॉल टीमची, रेड सॉक्सची मॅच लागली की टीव्हीसमोर बसायचे आणि मॅच संपेपर्यंत भांडायचे. जावई म्हणायचे, मॅनेजर कोराला घरी पाठवा. एक मित्र म्हणायचा, कोरा काय करणार, वर ऑफिसात बसून खेळाडू निवडणाऱ्या ब्रेस्लोला विचारा. दुसरा म्हणायचा, मालकाचीच मूठ आवळलीय. मी क्रिकेटवाला, कप्तान मैदानात असतो एवढंच मला ठाऊक. डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या खोलगट जागेच्या, कठड्याला रेलून उभा राहिलेला हा गृहस्थ करतो काय? आणि तिघांतलं बरोबर कोण?

उत्तर : काका, तुमचे जावई एका माणसाबद्दल बोलतायत, मित्र दुसऱ्या आणि तिसऱ्या. म्हणून भांडण मिटत नाही.

मॅनेजर खेळाडू आणत नाही. वरच्या ऑफिसनं दिलेल्या सव्वीस जणांतून आज कोण खेळेल, कोणत्या क्रमानं बॅटिंग करेल आणि पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कधी काढायचं, हे तो ठरवतो. शेवटचं सगळ्यात अवघड. आपल्याकडे बोलर मार खायला लागला तर बाजूला करून दहा ओव्हरनी परत आणतात. इथे काढलेला पिचर त्या दिवसापुरता संपला. चूक दुरुस्त करायला परत बोलावता येत नाही.

माझे वडील कांगा लीगच्या मॅचना स्कोअर लिहायचे. पावसानं वही भिजली की रात्री कंदिलावर एकेक पान शेकायचे. ती खोड माझ्यात उतरली. 1994 साली इकडे आले, मुलगा शाळेत जाऊन बेसबॉल शिकून आला, आणि त्याला समजावून घेता घेता मीच पेन्सिल घेऊन बसायला लागले. पिचरनं टाकलेला प्रत्येक चेंडू मी समासात रेघ मारून मोजते, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

16 ऑक्टोबर 2003 चं पान माझ्याकडे अजून आहे. न्यूयॉर्कमध्ये यँकीजविरुद्ध सातवी मॅच, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला जाणार. मॅच नऊ इनिंगची, आठव्या इनिंगला आपण, म्हणजे रेड सॉक्स, 5-2 नं पुढे. आपला पिचर पेड्रो मार्टिनेझचे सात इनिंगमध्ये शंभर चेंडू झाले होते. सातवी संपवून बाहेर येताना त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं, डगआउटमध्ये गळाभेटी झाल्या, म्हणजे त्याच्या मनानं काम संपलं होतं. मॅनेजर ग्रेडी लिटलनं त्याला पुन्हा पाठवलं. एक आउट झाला, मग जीटरचा डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका), मग बर्नी विल्यम्सचा सिंगल (पहिल्या बेसपर्यंत), 5-3. लिटल मैदानात आला. माझ्या समासात तेव्हा 115 रेघा होत्या. बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर हात गरम करतात तिथे, डावखुरा एम्ब्री तयार, समोर डावखुरा मात्सुई, आणि डावखुऱ्याला डावखुरा जड जातो. आमच्या हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांनी, त्यात बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणारी माझी नणंदसुद्धा, एका सुरात म्हटलं, आता काढणार. लिटल पेड्रोशी बोलला आणि एकटाच परत गेला. मात्सुईचा डबल, पोसाडाचा डबल, 5-5. अकराव्या इनिंगला आरन बूनचा होमरन. मॅच गेली.

त्या वर्षी लिटलनं 95 मॅच जिंकून दिल्या होत्या, त्याआधी 93. अकरा दिवसांनी त्याचा करार वाढवायचा नाही असं ठरलं. शंभरीच्या पुढे पेड्रो उतरणीला लागतो हे ऑफिसमधल्यांना आकड्यांनी ठाऊक होतं आणि त्यानं नजरेवर भरवसा ठेवला, असं तेव्हा सगळे म्हणत होते. मीही म्हणाले. अजून म्हणते.

आता उलटी गोष्ट ऐका. 27 ऑक्टोबर 2020, वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच. टँपा बेचा पिचर ब्लेक स्नेल डॉजर्सना नाचवत होता. नऊ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊ वेळा बॅट्समन चेंडू खेळता न येता बाद, फक्त दोन हिट, फक्त 73 चेंडू, टीम 1-0 नं पुढे. पण बॅटिंगचा क्रम तिसऱ्यांदा वरून सुरू होणार होता. एकच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की बॅट्समनला त्याचा अंदाज येतो, हे आकडे ओरडून सांगतात. मॅनेजर केव्हिन कॅशनं आकड्यांचं ऐकून स्नेलला काढलं. पुढचा बॅट्समन मूकी बेट्स. स्नेलनं त्याला त्या रात्री दोनदा स्ट्राइकआउट केलं होतं. स्नेल जाताना बघून बेट्सचा चेहरा असा खुलला, की सासूबाई गावाला गेल्यासारखा. त्यानं डबल मारला, दोन रन आल्या, मॅच 3-1 नं गेली. लिटलनं आकड्यांकडे बघितलं नाही म्हणून शिव्या खाल्ल्या, कॅशनं बघितलं म्हणून.

माझं मत विचाराल तर स्नेलला काढणं मला गैर वाटत नाही. त्याच्या जागी निक अँडरसनला आणणं गैर वाटतं. तो त्या महिन्यात मॅचमागून मॅच रन देत होता आणि हे कळायला कुठलाही कॉम्प्युटर लागत नव्हता, माझी वही पुरली असती. लोक मात्र पाच वर्षं ‘का काढलं’ यावरच अडकलेत, ‘कोणाला आणलं’ हे फारसं कोणी बोलत नाही.

आणि तुमच्या समोरच घडलेलं, 30 सप्टेंबर 2025, यँकीजविरुद्ध तीन मॅचच्या बाद फेरीतली पहिली मॅच. त्यांचा पिचर मॅक्स फ्राइड शून्य रन देऊन 1-0 नं पुढे, सातव्या इनिंगला 102 चेंडूंवर त्याला काढलं. आलेल्या वीव्हरनं एकही आउट घेतला नाही, योशिदाच्या हिटवर आपल्या दोन रन आल्या. आपला पिचर क्रोशे मात्र आठव्यातही टाकत राहिला, 117 चेंडूंपर्यंत. 3-1 नं जिंकलो. फ्राइडला काढणारा यँकीजचा मॅनेजर कोण? तोच आरन बून. पेड्रोला जास्त ठेवल्याचा फायदा ज्यानं उचलला, तो बावीस वर्षांनी पिचर लवकर काढल्याबद्दल न्यूयॉर्कच्या शिव्या खात होता. मला हसू आवरेना. पुढच्या दोन मॅच हरून आपण घरी आलो, तेव्हा ते थांबलं.

तेव्हा जावयांना एक काम सांगा. पिचर बदलायच्या क्षणी, पुढचा चेंडू पडायच्या आत, काय करावं ते कागदावर लिहायचं. सीझनभर. मी दोन सीझन लिहिलं. दुसऱ्याच्या शेवटी वही कपाटात मागे सारली आणि नवऱ्याला दाखवली नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही मूकी बेट्सला विकणं ही रेड सॉक्सची मोठी चूक म्हणालात. एका माणसापायी तिजोरी रिकामी करणं हे चांगलं व्यवस्थापन का? — एक चार्टर्ड अकाउंटंट, पुणे

उत्तर : हिशेब तुम्हालाच कळेल, मांडते. 2020 च्या शेवटी बेट्सचा करार संपत होता. त्या वर्षाचा त्याचा पगार 2 कोटी 70 लाख डॉलर. पगाराची बेरीज 20 कोटी 80 लाखांवर गेली की लीगचा दंडकर लागत होता, आणि सलग वर्षं ओलांडली की दर चढतो. रेड सॉक्सनी 2018 आणि 2019 मध्ये ती रेघ ओलांडली होती. म्हणून फेब्रुवारीत बेट्स आणि सोबत महागडा पिचर डेव्हिड प्राइस लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेले. बदल्यात तीन खेळाडू आले, वर्डुगो, डाउन्स, वाँग. डाउन्सला 2022 च्या शेवटी सोडून दिलं, वर्डुगो पुढे यँकीजकडे पोचला, वाँग कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, म्हणून राहिला. बेट्सनं डॉजर्सशी 12 वर्षांचा साडेछत्तीस कोटी डॉलरचा करार केला आणि 2020, 2024, 2025 अशा तीन वर्ल्ड सिरीज जिंकल्या.

तुमच्या ताळेबंदात दंड वाचलेला दिसतो. पण कर वाचवायला दुकानातला सगळ्यात जास्त खपणारा माल शेजारच्या दुकानाला देऊन आलात, तर दुकानदार म्हणून तुमचं कौतुक मी करणार नाही. चाईम ब्लूम या ऑफिसप्रमुखाला लोकांनी धारेवर धरलं आणि 2023 मध्ये काढलंही. पैसे कमी करा असं सांगणारा मालक तिथेच आहे. म्हणून वरच्या काकांच्या जावयांच्या दुसऱ्या मित्राला मी निम्मे मार्क जास्त देते.

निम्मेच, कारण याच मालकानं 2002 मध्ये टीम घेतली आणि 1918 नंतर कधी न आलेली ट्रॉफी 2004, 2007, 2013, 2018 अशी चार वेळा आणली. त्याआधी 1919 च्या डिसेंबरात बेब रूथला एक लाख डॉलरला यँकीजना विकणारा मालक याच टीमचा होता. त्या मानानं हे मालक बरे म्हणायचे.

प्रश्न : उन्हाळ्यात आम्ही चौघं बॉस्टनला येतोय. रेड सॉक्सच्या फेनवे मैदानावर कुठे बसावं? — एक वाचक, टोरांटो

उत्तर : ग्रीन लाइनच्या गाडीनं केनमोरला उतरा, गर्दीमागे चालत जा. 1912 चं मैदान आहे, लाकडी खुर्च्या आखूड आणि छताला खांब. तिकिटावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलंय का ते पैसे भरायच्या आधी बघा, नाहीतर चौघांपैकी एकाला तीन तास मान तिरकी करून बसावं लागेल. मी मुद्दाम तसलंच तिसऱ्या बेसकडचं घेते, स्वस्त पडतं. पिचर दिसत नाही. समोर, पहिल्या बेसकडचं आपलं डगआउट मात्र लख्ख दिसतं, आणि बुलपेनचा फोन कोण उचलतंय तेही. मुलांसोबत असाल तर तुम्ही हे करू नका.