हँगिंग चॅडला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की २००० सालच्या अमेरिकन निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातल्या मतमोजणीवरून जे भांडण झालं त्यावरचा ‘रिकाउंट’ हा टीव्हीसाठी केलेला सिनेमा घरच्यांबरोबर बघताना त्यात सारखं ‘हँगिंग चॅड’, ‘डिंपल्ड चॅड’ चाललेलं असतं, शेजारी बसलेले आजोबा विचारतात हे काय, तर चॅडला मराठीत शब्द कुठला सांगायचा, आणि रिकाउंटला ‘पुनर्मतदान’ म्हटलं तर चालेल का.

पुनर्मतदान नाही चालणार, ते आधी सांगून टाकते. पुनर्मतदान किंवा फेरमतदान म्हणजे लोकांनी परत रांगेत उभं राहून परत मत द्यायचं. फ्लोरिडात तसं काही झालंच नाही, लोक मतं देऊन घरी गेले होते, तीच मतं परत मोजायची की नाही यावर भांडण होतं. म्हणून फेरमतमोजणी. नुसतं ‘फेरमोजणी’ पण लिहितात पण गावाकडच्या माणसाला मोजणी म्हटलं की आधी जमिनीची मोजणी आठवते, मोजणीवाले आले, खुणा घातल्या, बांधावरून वाद झाला, त्यामुळे मधला ‘मत’ मी गाळणार नाही. आणि ‘मतगणना’ हा हिंदी बातम्यांतून घुसलेला शब्द आहे, आपल्याकडे मतमोजणी हा चांगला रुळलेला शब्द असताना तो कशाला घ्यायचा हे मला खरंच कळत नाही.

आता चॅड. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी पार्श्वभूमी थोडक्यात. ७ नोव्हेंबर २००० ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, एका बाजूला जॉर्ज बुश, दुसऱ्या बाजूला अल गोर, आणि सगळं येऊन अडकलं फ्लोरिडाच्या २५ इलेक्टोरल मतांवर (ही राज्याच्या वाट्याची मतं, राष्ट्राध्यक्ष ठरतो तो यांच्या बेरजेवर). पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे, फरक अर्ध्या टक्क्याच्या आत म्हणून कायद्यानेच मशीनवर परत मोजणी, फरक आणखी कमी झाला, मग गोर यांच्या बाजूने पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होलुशिया या चार काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) हाताने मोजा अशी मागणी केली. आणि हाताने मोजायला बसल्यावर चॅड हा शब्द सगळ्या जगाला कळला. २००८ च्या मे महिन्यात एचबीओने दाखवलेला हा सिनेमा म्हणजे या ३६ दिवसांची गोष्ट आहे. केव्हिन स्पेसी झालाय गोर यांच्या बाजूचा रॉन क्लेन (हेच क्लेन पुढे २०२१ मध्ये बायडन यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले), टॉम विल्किन्सन झालाय बुश यांच्या बाजूचे जेम्स बेकर, आणि लॉरा डर्नने फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचा कारभार बघणाऱ्या, कॅथरीन हॅरिस अशा काही उभ्या केल्यात की त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब मिळाला.

तर तिथे बऱ्याच काउंट्यांमध्ये मतपत्रिका म्हणजे एक जाड कार्ड असायचं. ते मशीनच्या साच्यात सरकवायचं, आणि आपल्या उमेदवाराच्या समोरच्या जागी टोकदार दाभणासारख्या कांडीने भोक पाडायचं. तिथे आधीच बारीक चौकोनी खुणा कापून ठेवलेल्या असतात, दाबलं की तेवढा तुकडा सुटून खाली पडतो. तो पडलेला तुकडा म्हणजे चॅड. मशीन त्या भोकातून उजेड आरपार जातो का ते बघून मत मोजतं. तुकडा पूर्ण पडला नाही, चिकटून राहिला, तर उजेड जात नाही आणि मशीनच्या लेखी त्या माणसाने मतच दिलेलं नाही.

इंग्रजीत हा शब्द आला कुठून ते नक्की कुणालाच माहीत नाही. चॅडलेस नावाच्या माणसाने असं एक यंत्र काढलं ज्यात तुकडे पडायचेच नाहीत, मग लोक म्हणाले चॅडलेस म्हणजे जर बिनचॅडचं तर पडतो तो चॅड, अशी एक गोष्ट सांगतात, पण ती मागाहून रचलेली वाटते, शब्दांच्या व्युत्पत्तीत अशा गोष्टी फार असतात. आधी तो भुसा, कचरा यांच्यासारखा एकवचनातच चालायचा, एकेक तुकडा मोजायची वेळ आली तेव्हा त्याचं ‘चॅड्स’ सगळीकडे झालं. २००० सालचा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून अमेरिकन डायलेक्ट सोसायटी या भाषा-अभ्यासकांच्या संस्थेने हाच निवडला होता.

मराठीत ‘चकती’ सुचवणारे भेटतील, पण चकती गोल असते, हा तुकडा चौकोनी. ‘कपटा’ म्हणावं तर कपटा फाटलेला असतो, वेडावाकडा, त्याला ठराविक आकार नसतो. ‘चिटोरा’ तर त्यावर काहीतरी लिहायला पुरेल एवढा मोठा. माझं मत ‘टिकली’ला. एक तर आमच्या ऑफिसात फाईलचे कागद पंच केल्यावर मशीनच्या पोटात जे साठतं त्याला सगळे टिकल्याच म्हणायचे, ‘अगं त्या टिकल्या सांडल्या बघ’, म्हणजे हा शब्द मी घडवत नाहीये, तो या कामाला आधीच लागलेला आहे. दुसरं म्हणजे टिकली कशी असते, लहान, सपाट, एका ठराविक जागी बसलेली, आणि निघाली तरी कुठे होती ती जागा कळते. आकाराची अडचणही येत नाही, टिकली आता गोल, लांबट, चौकोनी कसलीही मिळते.

आणि टिकली घेतली की पुढचे प्रकार मराठी आपोआप देते, तिथे तर मला फार आनंद झाला. चार कोपऱ्यांपैकी एकच कोपरा चिकटलेला, ते हँगिंग: लोंबती टिकली. दोन कोपरे चिकटलेत, दारासारखी हलते, ते स्विंगिंग: झुलती टिकली. तीन कोपरे चिकटलेत, एकच सुटलाय, त्याला ते ट्राय-चॅड म्हणतात, आपण कोपरा सुटलेली टिकली म्हणू. आणि चारही कोपरे जागेवर पण मध्ये दाबल्याची खूण, ते डिंपल्ड. इथे ‘खळी पडलेली’ असं भाषांतर करायचा मोह होईल, करू नका, खळी गालाला पडते, पातेलं आपटलं की पडतो तो पोचा. पोचा पडलेली टिकली. कांडीचं टोक लागलंय, जोर पुरला नाही, हे सगळं ‘पोचा’त आलं. त्याच टिकलीला तिकडे प्रेग्नंट चॅड पण म्हणायचे, कारण उलट्या बाजूने बघितलं की फुगलेली दिसते, त्याला आपल्याकडे पोटुशी हा शब्द आहेच, आजोबांना लगेच कळेल.

एक काळजी घ्या, सबटायटल करताना चॅड तसंच ठेवणार असाल तर ‘चॅ’ वरचा चंद्र विसरू नका. ‘चाड’ हा आपला वेगळा शब्द आहे, न्यायाची चाड, खऱ्याखोट्याची चाड. घाईत टाइप केलेलं ‘चाड लोंबत होती’ वाचून माणूस भलतीकडेच जाईल.

आता हे टिकल्यांचे प्रकार म्हणजे नुसता शब्दांचा खेळ नव्हता. लोंबती मोजायची, पण पोचा पडलेली मोजायची का? फ्लोरिडाच्या कायद्यात एवढंच होतं की मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे, कुठली टिकली म्हणजे स्पष्ट हे लिहिलेलं नव्हतं. मग ब्रॉवर्डमध्ये पोचेही सढळ हाताने धरले, पाम बीचमध्ये हात आखडता. एकच पोचा, एका काउंटीत मत आणि शेजारच्या काउंटीत काहीच नाही. १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने मोजणी कायमची थांबवली त्यात हा सारखेपणा नसण्याचा मुद्दा ७ विरुद्ध २ असा मान्य झाला, आणि परत नीट नियम करून मोजायला वेळ द्यायचा की नाही यावर ५ विरुद्ध ४. मला अजूनही वाटतं की वेळ द्यायला हवा होता, कारण नियम नीट नव्हता यात ज्याने कांडी दाबली त्या माणसाची काय चूक.

‘मतदाराचा हेतू’ हे मी वर लिहिलं खरं पण ते मला कोरडं वाटतं, त्याला आपल्याकडे ‘कौल’ आहे. शब्द मूळचा अरबी, तिकडे बोल, वचन या अर्थाचा. आमच्या कोकणात देवळात कौल लावतात, गोव्यात त्याला प्रसाद घेणं म्हणतात. गाऱ्हाणं घालून देवाच्या पाषाणाला तांदूळ किंवा पाकळ्या पाण्याने चिकटवतात आणि सगळे बघत बसतात, उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी लहान असताना तासतास बसलेली आहे आजीबरोबर, पाकळी अर्धी सुटायची आणि तशीच राहायची, आणि कुणीही हात लावायचं नाही, फुंकरसुद्धा नाही, गुरव परत गाऱ्हाणं घालणार, परत वाट बघणार. सिनेमात ते अधिकारी कार्ड उजेडासमोर धरून टिकली सुटलीय का बघत बसतात तेव्हा मला तीच पाकळी आठवते. म्हणून ‘मतदारांचा कौल’ हा पेपरात रोज छापून गुळगुळीत झालेला शब्द या गोष्टीत पहिल्यांदा अक्षरशः खरा वाटला. कौल दिलेला आहे, तो पडलाय की अडकलाय तेवढंच बघायचंय.

अजून दोन-तीन शब्द याच सिनेमात घसरायला लावतात ते पण सांगते. कन्सीड. गोर यांनी त्या रात्री बुशना फोन करून कन्सीड केलं आणि फरक अगदीच थोडा आहे कळल्यावर परत फोन करून ते मागे घेतलं. याला ‘माघार घेतली’ लिहू नका, आपल्या निवडणुकीत माघार म्हणजे उमेदवारी अर्ज मागे घेणं. हार कबूल केली, आणि मग कबुली मागे घेतली. आपल्याकडे अशी फोन करून हार कबूल करायची रीत फारशी नाही म्हणून त्याला बांधलेला शब्दच नाही.

दुसरा काँटेस्ट. आपल्याला काँटेस्ट म्हणजे निवडणूक लढवणं एवढंच माहीत, पण फ्लोरिडाच्या कायद्यात निकाल जाहीर होण्याआधी घ्यायचा तो प्रोटेस्ट आणि नंतर कोर्टात करायचा तो काँटेस्ट. पहिल्याला ‘हरकत’, दुसऱ्याला ‘निकालाला आव्हान’ म्हणा, नाहीतर निकाल लागल्यावर गोर परत निवडणूक लढवतायत असा घोटाळा होईल.

तिसरा सर्टिफाय. २६ नोव्हेंबरला हॅरिस यांनी बुश ५३७ मतांनी जिंकले असं सर्टिफाय केलं, पाम बीचवाल्यांची मोजणी संध्याकाळी ५ ची मुदत थोडक्यात चुकली म्हणून ती धरलीच नाही. इथे ‘शिक्कामोर्तब केलं’ चपखल बसतं. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर वरती शिक्का, ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’वाला, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे मोर्तबाच्या खाली कुणी एक ओळ वाढवायची नाही. आणि इथे नेमकं मोर्तब झाल्यावरच खरं कोर्टाचं भांडण सुरू झालं, ते गोर यांनी १३ डिसेंबरला दुसऱ्यांदा हार कबूल करेपर्यंत.

तर आजोबांना सांगताना असं सांगून बघा: ‘भोक पाडून मत द्यायचं होतं, काहींची टिकली पडली, काहींची लोंबत राहिली, काहींना नुसता पोचा पडला, आणि पोचा म्हणजे मत धरायचं की नाही यावर अमेरिकेचा अध्यक्ष ठरायचा होता.’